रांजण आणि लेसर

स्मरणिकेच्या संपादक मंडळातील एका धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. ‘जयभीम दादा, शाळेने तुम्हाला काय दिले यावर दोन पाने लिहून द्या.’ असे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. शिस्त, पहाटेची घंटा, अभ्यासिका हे सारे त्यांत माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत येऊन गेले आहे. मी वसतिगृहाच्या व्हरांड्यातील रांजणाविषयी लिहितो. कारण माझे दुकान आज त्याच्या आधाराने चालते.

भंडाऱ्यात माझे लेसर कटिंगचे लहानसे दुकान आहे. ॲक्रिलिक आणि एमडीएफच्या नावपाट्या, सन्मानचिन्हे, फोटोच्या चौकटी अशी कामे तेथे होतात. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. त्यामुळे अधूनमधून कोणी आहेराचे पितळी भांडे घेऊन येतात आणि ‘यावर नाव घाला’ म्हणतात. त्यांना नम्रपणे परत पाठवावे लागते. माझ्या यंत्राचा किरण चकचकीत पितळेवरून आरशावरून परतावा तसा परततो. तेथे छिन्नी-हातोडीचा जुना कारागीरच हवा.

हे यंत्र कार्बन डायऑक्साइड लेसरचे. त्याचा शोध लावणारे चंद्र कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी हा लेसर सिद्ध केला. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना आणि बँकेचे कर्ज यांच्या बळावर यंत्र घेतले, तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. पेटीवरची चिनी अक्षरे तेवढी दिसत होती.

यंत्राचा जीव काचेच्या एका लांब नळीत असतो. आत वायूंचे मिश्रण आणि त्यातून जाणारा पंधरा हजारांहून अधिक व्होल्टचा विद्युतदाब. साठ वॅटचा किरण बाहेर पडतो तेव्हा दोनशे-सव्वादोनशे वॅट उष्णता नळीतच मागे उरते. ती वाहून नेण्यासाठी नळीभोवती काचेचेच आवरण असून त्यातून पाणी फिरत राहावे लागते. हे पाणी १५ ते २५ अंशांत असावे. अधिक तापले तर किरण क्षीण होतो, नळीचे आयुष्य घटते; आणि पाणी थांबलेच तर काच तडकते.

मी हिवाळ्यात यंत्र सुरू केले. वीस लिटरची बादली आणि माशांच्या टाकीतला पंप एवढीच व्यवस्था होती. हिशेब सोपा आहे, पण तो मी केला नव्हता: एवढ्या उष्णतेने वीस लिटर पाणी दर सहा-साडेसहा मिनिटांनी एक अंश तापते. डिसेंबरात ते खपून गेले. एप्रिलमध्ये मात्र सकाळचे पाणीच ३२ अंशांचे असे. त्यातच यंत्र एका बोर्डावर आणि पंप दुसऱ्या बोर्डावर. एका दुपारी पंपाचा प्लग सैल झाला, आणि यंत्र चालूच राहिले. ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. नवी नळी २२,००० रुपयांची होती आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नव्हता. त्या महिन्यात पत्नीच्या शिवणकामावर घर चालले, हे येथे लिहिलेच पाहिजे.

नव्या नळीबरोबर पहिली गोष्ट केली ती अशी की, पाणी वाहायचे थांबताच किरण आपोआप बंद करणारा स्विच बसवला. किंमत काहीशे रुपये. तो आधी का बसवला नाही, याला माझ्यापाशी उत्तर नाही.

थंडाव्यासाठी गोठवलेल्या बाटल्या बादलीत सोडू लागलो. उन्हाळा निभावला. जूनअखेरीस पाऊस लागला आणि एके सकाळी नळीच्या टोकाशी निळी ठिणगी उडताना दिसली. दमट हवेतले पाणी थंड काचेवर दवासारखे जमले होते आणि वीज तेथून वाट शोधत होती. गरम पाणी नळीला मारते हे मी शिकलो होतो. फार थंड पाणीही मारू शकते, हे त्या दिवशी शिकलो.

बाजारात शीतक यंत्रे मिळतात. स्वस्तातल्या शीतकात केवळ पंखा आणि जाळी असते. ते पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पत्र्याखालच्या ४३ अंशांत त्याचा उपयोग काय? कॉम्प्रेसरचे यंत्र माझ्या आवाक्याबाहेरचे होते. पुढच्या मार्चमध्ये भंगारातून एक लोखंडी कूलर आणला, गवताच्या नव्या ताट्या बसवल्या आणि एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचे वेटोळे घेऊन कूलरच्या टाकीत बुडवले. वेटोळ्यातून आणि लेसरच्या नळीतून फिरणारे पाणी वेगळे, बंद डब्यातले, डिस्टिल्ड. बोअरचे क्षारयुक्त पाणी नळीत मुळीच घालू नये; पांढरा थर धरतो आणि त्या पाण्यातून वीजही वाहते.

पहिले दोन दिवस कूलरने काहीच केले नाही. पाणी ३३ अंशांवर अडून बसले. तिसऱ्या दिवशी डबा पितानाच्या घोटाबरोबर वसतिगृह आठवले. आम्ही मुलांनी एकदा रांजण उचलून आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला होता, सावलीत पाणी थंड राहील म्हणून. स्वयंपाकघरातल्या मावशींनी तो परत दारात आणायला लावला. म्हणाल्या, ‘सावलीनं नाही रे पोरांनो, पाणी वाऱ्यानं थंड होते.’ त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मांडले होते की, गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ होताना लागते.

मी कूलर बंद खोलीत ठेवला होता. खोलीतली हवा तासाभरात ओलीचिंब होई आणि मग त्या हवेत पाणी मुरायचे थांबे. मागच्या खिडकीबाहेर, कोरड्या वाऱ्यात कूलर मांडला. बाहेर ४४ अंश असताना टाकीत २५ आणि लेसरच्या पाण्यात २७ अंश मिळाले. पुस्तकात २५ लिहिले आहे; वरच्या दोन अंशांची उधारी मी किरणाची शक्ती थोडी कमी ठेवून फेडतो. तासाभराच्या कामाची सारी उष्णता न्यायला एक तृतीयांश लिटर पाण्याची वाफ पुरते. टाकीतले पाणी त्याहून बरेच अधिक आटते, कारण कूलर त्या तप्त वाऱ्यालाही थंड करत बसतो.

पावसाळ्यात हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. हवाच पाण्याने भरलेली, मग वाफ होणार कोठून? त्या चार महिन्यांत कूलर बंद असतो, पाणी २९ अंशांवर राहते, मी अर्ध्या शक्तीवर सावकाश काम करतो आणि घाईच्या गिऱ्हाइकांना दुसरे दुकान सांगतो. शाळेच्या समारंभाची सन्मानचिन्हे सध्या याच गतीने कापली जात आहेत. एकाला वीस मिनिटे लागतात. निम्मी झाली आहेत. समारंभ धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर ठेवला आहे. तोवर हवा कोरडी होऊ लागेल आणि कूलर पुन्हा खिडकीबाहेर मांडता येईल.