पाव टनी ट्रेलरवर क्रेन: काही टिपणे

एम-416 हा अमेरिकन लष्कराचा पाव टनी ट्रेलर. दोन चाकं, पत्र्याचा खोल हौद, पुढे दांडी आणि दांडीच्या टोकाला जाड लोखंडी कडं. रिकामा असताना वजन सुमारे 260 किलो. खडबडीत वाटेवर 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो माल न्यायचा, असा हिशेब. मिशिगनमधल्या आमच्या गल्लीत एका शेजाऱ्याने लष्कराच्या जुन्या मालातून तो घेतलाय आणि आता त्यावर त्याला हाताने फिरवायची छोटी क्रेन बसवायची आहे. चार बोल्टांचं काम, असं तो म्हणतो. चारही बोल्ट मला आत्तापासूनच दिसताहेत.

*

त्याची गरज मात्र खरी. पडलेल्या ओकचे ओंडके घरी आणायचे आहेत. साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि चाळीस सेंटिमीटर लांबीचा ओला तुकडा शंभर-सव्वाशे किलो भरतो. दोघांनी मिळून एक चढवला तर दुसऱ्याला हात लावायची इच्छा उरत नाही.

*

बाजारात पिकअपच्या हौद्यात बसवायच्या तयार क्रेन मिळतात. एक उभा खांब, त्यावर फिरणारा हात, हाताखाली बाटली जॅक. क्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, पण तो हात पूर्ण आत घेतलेला असतानाचा. हात एकेक भोक बाहेर काढत जा, आकडा उतरत जातो. आणि हे सगळं खाली भक्कम पाया आहे असं धरून.

पाया म्हणजे इथे हौदाचा पत्रा. दोनशे किलो वजन खांबापासून 1.2 मीटरवर लटकवलं, तर खांबाच्या बुडाशी 240 किलो-मीटरचा पीळ येतो. बोल्टांच्या दोन रांगांत 24 सेंटिमीटर अंतर असेल, तर मागच्या रांगेवर हजार किलोची ओढ. पत्र्यात नुसतं वायसर टाकून कसलेला बोल्ट आधी पत्र्याला डबरा पाडतो, मग भोक मोठं करतो, मग एक दिवस वर येतो. खालून जाड पट्टी हवी, आणि ती पट्टी चासीच्या चॅनेलला बांधलेली हवी. पत्रा मध्ये चेपला गेला तर जाऊ दे, भार त्याच्यावर नको.

माझं मत विचाराल तर हौदाला हातच लावू नये. चासीला पुढच्या कोपऱ्यात एक जाड चौकोनी नळी वेल्ड करावी, खांब तिच्यात उतरवावा, पिन मारावी. काम झालं की खांब उपसून गॅरेजमध्ये. चाळीस-पन्नास किलोचं हे धूड कायम बसवून ठेवलं तर सव्वादोनशेतले तेवढे किलो कायमचे गेले. शिवाय ते मागे बसवलं तर दांडीवरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणून पुढे.

*

खरी गोम कलंडण्याची. मध्यापासून चाकापर्यंत अंतर 70 सेंटिमीटर धरू. 260 गुणिले 0.7, म्हणजे रिकामा ट्रेलर साधारण 180 किलो-मीटरपर्यंत तग धरतो. दोनशे किलोचा ओंडका चाकाच्या बाहेर अर्धा मीटर असेल तर 100; ठीक. एक मीटर बाहेर गेला की 200, आणि ट्रेलर आडवा. त्यात चाकांवर स्प्रिंगचे पाटे आहेत. भार आला की त्या बाजूचे पाटे दबतात, खांब झुकतो, ओंडका आणखी बाहेर जातो. कागदावरचा हिशेब उभ्या खांबाचा असतो.

पहिला ओंडका सगळ्यात धोक्याचा, कारण तेव्हा हौद रिकामा. चार ओंडके आत पडले की त्याच ट्रेलरला बूड येतं.

शेजाऱ्याचं म्हणणं, "ट्रेलर ट्रकला जोडलेला असेल ना, मग ट्रक धरून ठेवेल." अर्धं बरोबर. दांडी वर उचलली जाणार असेल तर ट्रक ती धरतो. पण लष्करी जोडणीची खुबीच अशी की हुकात कडं मोकळं फिरतं. जीप एका खड्ड्यात, ट्रेलर दुसऱ्या, तरी दांडी पिळवटू नये म्हणून केलेली ही सोय. ट्रेलर उलटला तरी जीप उलटू नये, हाही फायदा. तेव्हा बाजूला कलंडताना ट्रकची काडीचीही मदत नाही. त्या बाजूला चासीपासून बाहेर काढलेला स्क्रू जॅकचा पाय हवा, आणि मऊ मातीत त्याखाली फळी. पाय आधी टेकवायचा, पाट्यांचा दाब सुटेपर्यंत चढवायचा, मग उचलायचं.

*

हे दुखणं जुनं आहे. टेनेसीतल्या चॅटनूगाचा गॅरेजवाला अर्नेस्ट होम्स याने 1916 मध्ये तीन खांब, एक कप्पी आणि साखळी 1913 सालच्या कॅडिलॅकच्या चासीवर बसवून गाड्या ओढायची पहिली क्रेनगाडी बनवली. पहिली रचना डळमळली, मग त्याने बाजूला आधाराचे पाय जोडले, असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या डायमंड टी ट्रकांवर होम्सच्याच दुहेरी क्रेन होत्या: एका हाताने ओढायचं आणि दुसरा हात उलट बाजूच्या झाडाला बांधायचा.

*

साखळी. ट्रकवाले माल बांधायला वापरतात ती सोनेरी झाक असलेली ग्रेड 70, उचलायला चालत नाही. उचलायला ग्रेड 80 किंवा 100. शेजाऱ्याकडे अर्थातच सोनेरी आहे, भरपूर.

*

जीपची ओढायची विंच उभी करून तिने वजन उचलणं, हाही मोह. तिचा ब्रेक लटकता भार धरायला बनवलेला नसतो. बनवणारे स्वतःच तसं लिहून देतात. शिवाय लष्करी वायरिंग 24 व्होल्टचं, पिकअप 12 व्होल्टचा. हाताने फिरवायची चेन कप्पी बरी. हळू चालते, आणि हळूच चाललेली चांगली.

*

या ट्रेलरचा आजोबा बँटम कंपनीचा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या या कंपनीने 1940 मध्ये पहिली जीप उभी केली. मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्डला गेली, आणि बँटमच्या वाट्याला त्या जीपमागचे ट्रेलर आले. हौद असा पाणबंद की मालासकट तरंगावा, तळाला बुचं. विलीजची जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत माझगावला जुळवायला घेतली, म्हणून हा ट्रेलर पाहून मला अनोळखी वाटलं नाही. क्रेनसाठी तळाला भोकं पाडली की तरंगणं संपलं. आज कोण तरंगवणार म्हणा. पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते पाणी भोकाच्या कडेनेच गंज चढवतं.

*

अमेरिकन लष्कराचा टाकाऊ माल विकणाऱ्या खात्याचं मुख्यालय इथलंच, बॅटल क्रीकला. इमारत म्हणजे पूर्वीचं डॉ. केलॉग यांचं आरोग्यधाम, कॉर्नफ्लेक्सवाले तेच. युद्धात तिथे लष्करी इस्पितळ झालं. फिलिप हार्ट, बॉब डोल आणि डॅनियल इनोए हे पुढे सिनेटर झालेले तिघे तिथे जखमा बऱ्या करत होते. आता इमारतीला त्यांचंच नाव आहे.

*

चाचणीला ओंडका नको, दोनशे लिटरचं पिंप घ्यावं. हात कामाला लागेल तितका बाहेर काढायचा, रिकामं पिंप जमिनीपासून चार बोटं उचलायचं, मग नळीने पाणी सोडायचं. पलीकडच्या चाकाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची आणि ती ओढून बघत राहायचं. पट्टी सुटली की नळ बंद. पिंपातलं पाणी, अधिक पिंपाचं वजन, ही त्या टप्प्याची कलंडायची हद्द. रोजच्या कामाला तिच्या निम्मं धरायचं. ट्रेलर झुकलाच तर पिंप चार बोटं खाली बसेल. हे आधी पाय न लावता करायचं आणि मग पाय लावून, म्हणजे शेजाऱ्याला पायाचा खर्च पटेल.