सावली आणि वण

संगणकाच्या पडद्यावर कौटुंबिक छायाचित्रांची चिकटवही रचण्याचा छंद अलीकडे आमच्या घरात शिरला आहे. कागद, फीत, गुंडी सारेच आभासी. पान मात्र हाताने चिकटविल्यासारखे दिसावे, हा आग्रह. बारा इंची चौरस पान छापावयाचे तर इंचास ३०० या मानाने बाजूस ३६०० बिंदू लागतात. हा हिशेब सोपा. खरी कसोटी सावलीची.

१९९० साली निघालेले फोटोशॉप आता एका आज्ञेत सावली देते. परंतु ती कडेने सर्वत्र एकाच रुंदीची पडते आणि डोळा तेवढ्यावरून बनाव ओळखतो. घट्ट चिकटलेल्या कडेची सावली अरुंद व गडद असते, उचललेल्या कोपऱ्याची रुंद व विरळ. म्हणून ती निराळ्या थरावर घेऊन कोपऱ्याशी वाकवावी लागते. निव्वळ काळा रंगही चालत नाही. तांबूस कागदावर गडद तपकिरी घेऊन थर ‘मल्टिप्लाय’ रीतीने मिसळला म्हणजे खालचा पोत दिसत राहतो.

येथवरच्या लबाडीस आमची हरकत नाही. परंतु आजीच्या एकुलत्या छायाचित्रातील वाळवीचे भोक मुलांनी शेजारचा पोत उचलून बुजविले, तेव्हा त्याच ओघात तिच्या गालांवरील देवीचे वणही गेले. त्या साथीत तिची दोन भावंडे गेली होती. मूळ चित्र खालच्या थरात शाबूत होते. वण आम्ही परत आणविले. भोकाविषयी मात्र एकमत नाही. धाकटी म्हणते, तेही उघडे ठेवावे आणि त्याच्या कडेस बारीकशी सावली द्यावी.