बरोबर असलेला फिशर

रात्री जेवण झालं की मी फोनवर 'थ्री प्लस टू' खेळतो. दोघांना तीन-तीन मिनिटं, आणि प्रत्येक चालीनंतर दोन सेकंदांची भर. जिंकत आलेला डाव निव्वळ घड्याळ संपलं म्हणून हातचा जाऊ नये, एवढाच त्या दोन सेकंदांचा हेतू. अशा घड्याळाचं अमेरिकी पेटंट १९८९ मध्ये बॉबी फिशरला मिळालं. गंमत म्हणजे तेव्हा त्याने स्पर्धेत खेळणं सोडून सतरा वर्षं झाली होती.

मला तो भेटला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या खोलीत, यूट्यूबवर. १९५६ सालचं न्यूयॉर्क. समोर डोनाल्ड बर्न, आणि काळी मोहरी घेऊन बसलेला तेरा वर्षांचा पोरगा. सतराव्या चालीला तो आपला वजीर खुशाल मारू देतो. मग त्याचा उंट आणि घोडा मिळून पांढऱ्या राजाला शहामागून शह देत असे काही पळवतात, की मी व्हिडिओ थांबवून झोपलेल्या रूममेटला उठवलं. त्याने शिवी घातली आणि कूस बदलली.

पुढे मला फिशरच्या डावांपेक्षा त्याची भांडणं जास्त आवडायला लागली, हे कबूल करतो. कारण भांडणात तो पुष्कळदा बरोबर असायचा. १९६२ मध्ये कुरासावच्या स्पर्धेत पेट्रोसियन, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. फिशर चौथा आला आणि ही मिलीभगत आहे असं त्याने मासिकात उघड लिहिलं. हरलेल्याचं रडगाणं वाटावं असंच ते होतं. पण पुढे फिडेने ती पद्धत बदलून थेट सामने सुरू केले. उजेड, आवाज, मानधन, वेळापत्रक, प्रत्येक गोष्टीवर तो अडून बसायचा आणि मनासारखं झालं नाही तर उठून जायचा. १९६७ मध्ये सूसच्या स्पर्धेत पहिल्या नंबरवर असताना गेला.

१९७२ मध्ये तर तो रेक्याविकला यायलाच तयार नव्हता. बक्षीस होतं सव्वा लाख डॉलर. एका इंग्रज धनिकाने जवळजवळ तेवढीच भर घातली, किसिंजरने फोन केला, तेव्हा साहेब विमानात बसले. पहिला डाव सरळ बरोबरीकडे चाललेला असताना फिशरने उंटाने एक कडेचं प्यादं खाल्लं. तो उंट अडकला, डाव गेला. दुसऱ्या डावाला कॅमेरे आहेत म्हणून तो आलाच नाही. दोन-शून्य. आणि तोवर त्याने स्पास्कीला आयुष्यात एकदाही हरवलेलं नव्हतं.

इथे स्पास्की विमान पकडून मॉस्कोला जाऊ शकला असता. पण तिसरा डाव प्रेक्षकांपासून लांब, मागच्या खोलीत खेळायची फिशरची अट त्याने मान्य केली. तो डाव फिशर जिंकला. सहाव्या डावात फिशर इतका सुंदर खेळला, की हरलेला स्पास्की प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवत होता. शेवटी साडेबारा-साडेआठ.

त्या टाळ्यांचा व्हायचा तो अर्थ मी बरीच वर्षं फिशरच्या बाजूनेच लावला.

माझ्या पहिल्या नोकरीत एका पेमेंट मॉड्यूलमध्ये बग होता. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे. रिलीज थांबवा, असं मी तीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. शुक्रवारी सात वाजता मी लॅपटॉप मिटला, फोन बंद केला आणि रूमवर येऊन झोपलो. रात्री व्हायचं तेच झालं. माझ्या सीनियरने पहाटे पाचपर्यंत बसून ते निस्तरलं. सोमवारी त्याने सगळ्यांना मेल टाकला, की याची कल्पना आधी दिली गेली होती, आणि माझं नाव लिहिलं. त्या मेलचा स्क्रीनशॉट मी कितीतरी जणांना दाखवला. त्याने त्या रात्रीचं गावी जायचं रिझर्व्हेशन रद्द केलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पुढच्या नोकरीत मी हाच डाव पुन्हा टाकला. तिथे मला कुणी थांबवलं नाही. सात महिने घरी होतो.

फिशरलाही १९७५ मध्ये कुणी थांबवलं नाही. दहा विजय मिळवेल तो जिंकला, बरोबरी धरायची नाही, डावांना मर्यादा नाही, हे फिडेने मानलं. नऊ-नऊ झाले तर किताब विजेत्याकडेच राहील, एवढं मात्र मानलं नाही. कार्पोव्ह एकही चाल न करता जगज्जेता झाला.

नंतरचा फिशर वाचवत नाही. आई ज्यू, आणि हा ज्यूंच्या द्वेषाने पेटलेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचं त्याने फिलिपिन्समधल्या रेडिओवर स्वागत केलं. चाहते म्हणतात, आजारी होता. असेलही. पण त्या बोलण्यातला ठामपणा मला ओळखीचा वाटतो. कुरासावबद्दल बोलताना होता तोच.

१९९२ मध्ये निर्बंध मोडून तो युगोस्लाव्हियात खेळला होता, तेव्हाही समोर स्पास्कीच. त्यातून अमेरिकेचं वॉरंट निघालं आणि २००४ मध्ये जपानच्या विमानतळावर त्याला पकडलं. स्पास्कीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं: मीही तोच गुन्हा केलाय, मलाही अटक करा, आम्हाला एकाच कोठडीत ठेवा आणि एक बुद्धिबळाचा पट द्या. पुढच्या वर्षी आइसलँडने फिशरला नागरिकत्व दिलं. २००८ मध्ये तो रेक्याविकमध्येच वारला. स्पास्की फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला.

ती बातमी वाचली त्या रात्री मी ॲपवर सीनियरचं नाव शोधलं. सापडला. रेटिंग अकराशेच्या आसपास. थ्री प्लस टूचं चॅलेंज पाठवलं. त्याने ते नाकारलं आणि उलट दहा मिनिटांचं पाठवलं. खाली मेसेज होता, "एवढं फास्ट मला नाही जमत रे."