मुलांना सोमनाथला पाठवताना

मैत्रिणींनो, मुलांची सहल निघाली की आपण चिवडा-लाडवांचे डबे भरून मोकळ्या होतो. पण तीच मुलं सेवेच्या शिबिराला निघाली, की पोटात गोळा येतो. यंदा आमच्या गावात अगदी तसंच झालं.

चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ आहे. १९६७ साली बाबा आमट्यांनी तिथं तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यात मुलं-मुली तिथं जमतात, श्रमदान करतात, मोठ्यांचे विचार ऐकतात. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतून कॉलेजात गेलेल्या अकरा जणांनी जायचं ठरवलं. त्यांत आमच्या थोरल्या जाऊबाईंची लेकही होती. नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर आयांचे प्रश्नही!

"अगं, तिथं कुष्ठरोगी असतात ना?" जाऊबाईंनी विचारलं. "उद्या हिच्या लग्नाच्या वेळी कुणी काही बोललं तर?"

कुणाला उन्हाची भीती, कुणाला जंगलाची, कुणाला मुली परगावी राहणार याची. सगळ्या आयाच त्या, कुणाला हसायचं?

मी सगळ्या काळज्या कागदावर लिहून काढल्या. बऱ्याच काळज्यांना चक्क उत्तर होतं. कुष्ठरोग हात लावल्यानं किंवा शेजारी बसल्यानं होत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. औषधानं तो पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून लागण होण्याचं थांबतं. चंद्रपूरकडचा उन्हाळा मात्र खराच कडक. त्यासाठी सुती कपडे, रुंद काठाची टोपी, पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेची पुडी. मुलींची राहण्याची सोय कुठं, डॉक्टर कोण, रात्री सोबत कोण, हे आधी विचारून घ्यायचं. त्यात संकोच कसला?

एवढं झालं तरी एक प्रश्न उरलाच. "आणि तरीही काही झालं तर?" याला कागदावर उत्तर नव्हतं.

तेव्हा मी जाऊबाईंना साधनाताई आमट्यांची गोष्ट सांगितली. वरोऱ्याला भर पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून खुद्द बाबा घाबरून पळाले होते. एरवी कशाला न भिणारा हा माणूस! ती भीती त्यांना सलत राहिली. ते परत गेले आणि त्यांनी तुळशीरामची सेवा केली. पुढं आनंदवन उभं राहिलं, तेव्हा साधनाताई विकास आणि प्रकाश या दोन चिमुरड्यांना घेऊन त्या माळरानावर राहायला गेल्या. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. त्या आईला काय वाटलं असेल? तरी त्या गेल्या. मुलं रोग्यांच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि दोघंही डॉक्टर होऊन त्याच कामात पडली.

जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाव लिही तिचं. पण रोज रात्री फोन करायला सांग."

मला वाटतं, श्रद्धा अशीच असावी. करण्यासारखं सगळं नीट करायचं, आणि जे आपल्या हातात नाही ते देवावर आणि आपण केलेल्या संस्कारांवर सोपवायचं. काळजी काही जात नाही, ती आईच्या पाचवीलाच पुजलेली! पण तिच्यापायी लेकरांचे पाय बांधायचे नाहीत.

तुमच्याकडेही कुणी अशा शिबिराला निघालं असेल, तर आधी कागद-पेन्सिल घ्या. उत्तरं मिळतील ती मिळवा. उरलेल्या प्रश्नावर देवापुढं निरांजन लावा, आणि पिशवी भरायला घ्या.