मन बदललं, आता दर बदलू दे

डिसेंबर सरत आला की मी ‘स्क्रूज’ पुन्हा लावतो. ब्रायन डेझमंड हर्स्ट यांचा १९५१ सालचा कृष्णधवल चित्रपट. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’वर चित्रपट बरेच निघाले, पण माझा जीव यातच. स्क्रूज झालेल्या ॲलिस्टर सिमच्या डोळ्यांत आधी भीती शिरते, मग लाज, आणि शेवटी लहान मुलासारखा आनंद. हे बघताना कंटाळा म्हणून येत नाही.

भिवंडीच्या नारपोलीत बसून बघताना मात्र मन कंजूष स्क्रूजला बदलायला येणाऱ्या भुतांपेक्षा मधल्या एका भागात जास्त अडकतं. तरुण स्क्रूज फेझिविगच्या पेढीवर कामाला असतो. फेझिविग नोकरांना घरच्यासारखं वागवणारा. जॉर्किन नावाचा व्यापारी त्याला सांगतो, आता जमाना यंत्रांचा, धंदा विकून टाका. फेझिविग ऐकत नाही; स्क्रूज मात्र पुढे जॉर्किनकडे जातो. मूळ कथेत हा जॉर्किन नाही. पटकथाकार नोएल लँगली यांनी तो आणला, म्हणून कळतं की स्क्रूज जन्माचा कंजूष नव्हता. निष्ठुरपणा तो धंद्यात शिकला.

आमच्या गल्ल्यांत यंत्रमागांची खडखड चालते. कारागिराची मजुरी मीटरवर. वीज गेली की माग थांबतो, आणि मागाबरोबर त्याची कमाईही. भिवंडीला मँचेस्टरची उपमा देतात, आणि ही कथा डिकन्सच्या मनात रुजली तीही मँचेस्टरलाच. ५ ऑक्टोबर १८४३ला तो त्या गिरणगावात भाषणाला गेला होता. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आलं. वडील कर्जापायी तुरुंगात असताना बारा वर्षांच्या डिकन्सने बूटपॉलिशच्या कारखान्यात राबून दिवस काढले होते. गरिबी त्याला ऐकून माहीत नव्हती.

म्हणूनच त्याची गोष्ट अश्रूंवर संपत नाही. नाताळच्या सकाळी स्क्रूज हसतो, नाचतो. मीही त्याच्याबरोबर हसतो. पण तो बदलला यावर माझा विश्वास बसतो तो बॉब क्रॅचिटचा पगार वाढतो तेव्हा. आठवड्याला पंधरा शिलिंगांत घर ओढणारा, थंडीत कुडकुडत खर्डेघाशी करणारा हा स्क्रूजचा कारकून. मालकाला जो खर्च किरकोळ, त्यात त्याच्या पोरांचं अख्खं वर्ष बदलतं.

मागावर उभ्या माणसाला मालकाचं मन दिसत नाही, दर दिसतो. पश्चात्ताप खरा असेल, तर तो तिथे उमटला पाहिजे.