ओझ्याचा हिशेब

व्यापारी घराण्यांत पूर्वी मुलाला गादीवर बसविण्याआधी दुकानात उभे करीत. झाडलोट, पोत्यांची मोजदाद, वजनकाट्याची ओळख, उधारीच्या नोंदी आणि सर्वांत शेवटी सौदा, असा तो क्रम असे. त्या उमेदवारीला पाठ्यपुस्तक नव्हते. जाणत्याच्या शेजारी उभे राहून, चुकत-माकत, हाताने शिकावे लागे. आजची मुले पुष्कळ शिकतात, परगावी व परदेशीही जातात. परंतु स्वतःचे अंथरूण गुंडाळून स्वतःच्या पाठीवर घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. रानावनात व डोंगरात स्वावलंबनाने राहण्याचे शिक्षण देणारी जी शिबिरे अलीकडे तरुणांना खुणावू लागली आहेत, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

अशा शिक्षणाच्या आरंभाशी एका व्यापाऱ्याचेच नाव जोडलेले आहे, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची मालवाहू जहाजे समुद्रात बुडविली जात होती. लॉरेन्स होल्ट हे एका मोठ्या जहाज कंपनीचे मालक. जीवनरक्षक होड्यांमध्ये सापडलेल्या खलाशांपैकी धडधाकट तरुण आधी खचतात आणि अनुभवी प्रौढ तग धरून राहतात, असे त्यांच्या ध्यानी आले. तरुणांत शक्तीची उणीव नव्हती; स्वतःच्या शक्तीची ओळख नव्हती. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या सहकार्याने 1941 मध्ये वेल्समधील ॲबरडोवी येथे त्यांनी जी शाळा उभी केली, तीच पुढे ‘आउटवर्ड बाउंड’ या नावाने जगभर पसरली. अशा शाळा वाढल्या, तशी शिकविणाऱ्यांची वाण जाणवू लागली. तेव्हा पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने 1965 मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यात डोंगरातील नेतृत्वाचे शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था काढली.

आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. एव्हरेस्टवरील 1953 च्या पहिल्या यशानंतर पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा तेनसिंग नोर्गे यांच्याकडे आली. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 ची. 1984 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल तेथेच शिकल्या. अशा संस्थांखेरीज पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी हिंडण्याचे शिक्षण देणारी लहान शिबिरेही आता आहेत. हौशी सहलीत सामान खेचरावर असते, स्वयंपाक आचारी करतो आणि वाट वाटाड्या दाखवितो. शिबिरात ही तिन्ही कामे शिकणाऱ्याकडेच येतात. फरक येथे आहे.

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत व्यापाऱ्याची एकोणीस वर्षांची कन्या अशाच एका हिमालयातील शिबिरास निघाली, तेव्हा घरात वाद झाला. “आपल्याला काय कमी आहे म्हणून उन्हातान्हात ओझी वाहायची?” असे वडिलांचे म्हणणे. आजीची काळजी वेगळी होती. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही आणि कंदमुळे खायची नाहीत, हे दोन्ही नियम नात लहानपणापासून पाळीत आली होती. पहाडातल्या मुक्कामात बटाट्यावाचून स्वयंपाक होत नाही, असे कोणीतरी आजीच्या कानावर घातले होते.

मुलीने नियम लपविले नाहीत. अर्जासोबतच ते लिहून कळविले. उलट आलेले उत्तर आजीला मोठ्याने वाचून दाखविण्यात आले: तंबू दुपारीच लागतात, अंधारात चूल पेटविणे धोक्याचे असल्याने जेवण उजेडातच उरकते, बटाट्याऐवजी डाळी, सातू व सुकी भाजी चालेल, मात्र आपला शिधा आपण मोजून आणावा. मग आजीच कामाला लागली. दुधात भिजविलेल्या दशम्या, खाखरे, मेतकूट, भाजलेले चणे आणि शेंगदाण्याची चिक्की असा शिधा तयार झाला. वजनाला हलका, टिकाऊ आणि पोटाला आधार देणारा. यात्रेला निघणाऱ्या आपल्या पूर्वजांनी जे ठरविले होते, तेच डोंगरातही उत्तम ठरते.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी सर्वांच्या सॅक ताडपत्रीवर रिकाम्या करविल्या. मुलीच्या सॅकचे वजन अठरा किलो भरले. तिचे स्वतःचे वजन अठ्ठेचाळीस. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असा साधारण नेम. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारला जाई: हिच्यावाचून काय अडेल? दुसरा टॉवेल, तीन जादा पोशाख, काचेची तेलाची बाटली आणि जाड पुस्तक बाजूला निघाले. बारा किलो उरले. सुती कपडे वगळण्यामागे कारण होते. सुती कापड घामाने वा पावसाने भिजले की लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते.

मग भरण्याची रीत आली. झोपण्याची पिशवी तळाशी, जड शिधा पाठीलगत व खांद्यांच्या पातळीच्या जवळ, पावसाचा कोट सर्वांत वर. कमरेचा पट्टा असा आवळायचा की भार खांद्यांवर न राहता कमरेवर उतरावा. हे शिकताना तिला वखारीतले हमाल आठवले. पोते मानेखाली, पाठीच्या वरच्या भागावर घेऊन किंचित पुढे झुकणारी ती माणसे तिने जन्मभर पाहिली होती. ती तशी का झुकतात, हे तिला हिमालयात कळले.

पुढच्या दिवसांत शिकणे म्हणजे हिशेबच होता. नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये घालून दिलेला ठोकताळा. उंचीवर, पाठीवर ओझे असताना तो दुप्पट धरायचा. पाणी आधी फडक्याने गाळायचे, मग उकळायचे, हे तिला नवे नव्हते. परंतु उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून ते उकळी आल्यावर तीन मिनिटे ठेवायचे आणि डाळ कुकरवाचून शिजत नाही, हे नवे होते. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणून तो बुजवायचा. आणलेला कागदाचा कपटाही परत न्यायचा. मुंगीच्या वारुळावर तंबू ठोकू नये, हे मात्र तिनेच इतरांना सांगितले आणि कोणी हसले नाही.

शिबिराच्या अखेरीस एका खिंडीपर्यंत जायचे होते. मुक्काम सुमारे 3,600 मीटरवर, खिंड 4,200 वर. रोज एकेकाने तुकडीचे नेतृत्व करायचे, अशी शिबिराची पद्धत. त्या दिवशी पाळी या मुलीची होती. आदल्या संध्याकाळी तिने हिशेब मांडला: पाच किलोमीटर, सहाशे मीटर चढ, म्हणजे चार तास. पहाटे पाचला निघायचे आणि कोठेही असलो तरी दहाला माघारी वळायचे, कारण दुपारी बर्फ मऊ होतो व ढग उतरतात. सूर्योदयापूर्वी ती खात नसे. म्हणून पहिला थांबा सूर्योदयानंतर लगेच ठेवला आणि तसे सर्वांना आधीच सांगितले. नियम उघड सांगितला की त्याची सोय योजनेत बसते. तो झाकून उपाशीपोटी चढणारा माणूस मात्र साऱ्या तुकडीचा धोका होतो.

सव्वानऊ वाजता खिंड समोर दिसू लागली. अर्ध्या-पाऊण तासाची चाल उरली होती. त्याच वेळी तुकडीतला एक मुलगा बसला. रात्रीपासून डोके दुखत होते, ते त्याने सांगितले नव्हते. त्याला उलटी झाली आणि उठल्यावर सरळ रेषेत चालता येईना. विरळ हवेच्या आजारात पाऊल अडखळणे ही गंभीर खूण असते आणि त्यावर पहिला उपाय खाली उतरणे हाच, हे सर्वांना शिकविले होते. प्रशिक्षक जवळच होते. निर्णय चुकता, तर त्यांनी तो चुकू दिला नसता. परंतु त्यांनी आधी मुलीकडे पाहिले.

तिघांनी विरोध केला. इतके पैसे भरले, इतके दिवस घालविले, एकाला येथे बसवून बाकीच्यांनी जाऊन यावे, असे त्यांचे म्हणणे. मुलगी क्षणभर गप्प राहिली. खिंड तिलाही पाहायची होती. मग तिने त्या मुलाची सॅक रिकामी करून सामान चौघांत वाटले, आणि सारी तुकडी उतरू लागली. तिघांपैकी एकजण संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. पाचशे मीटर उतरल्यावर आजारी मुलाचे पाऊल स्थिरावले. रात्री त्याने पेज मागून घेतली.

घरी परतल्यावर तिने हे सांगितले, तेव्हा आजीने आधी “जेवलीस ना वेळेवर?” असे विचारले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाव उतराय लागला की आधी किती घातलेत तिकडं बघायचं नसतं. मला हे कळायला दहा वर्षं गेली, बाळ. दोनदा घर धुऊन निघालं.” त्या उन्हाळ्यात ती वखारीवर बसू लागली. गाडी भरताना हमालांना घाई करण्याची तिची जुनी सवय गेली, हे पहिल्यांदा मुनीमजींच्या लक्षात आले.

मुलामुलींना अशा शिबिरास पाठविताना पालकांनी डोंगराचे सुंदर फोटो पाहून ठरवू नये. एका प्रशिक्षकामागे किती मुले असतात, त्याने प्रथमोपचाराचे कोणते शिक्षण घेतले आहे, 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज किती वाढविली जाते आणि विश्रांतीचा दिवस कधी असतो, आजारी व्यक्तीला खाली आणण्याची व्यवस्था काय, हे विचारावे. ती वाढ रोज पाचशे मीटरहून अधिक असेल, तर कारण विचारावे. आहाराचे व व्रतांचे नियम लेखी कळवावेत. आणि आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: मागील वर्षी आपण किती वेळा अर्ध्या वाटेवरून परत फिरलात? ज्या संस्थेला या प्रश्नाचे उत्तर देताना संकोच वाटत नाही, तिच्या हाती मूल सोपविण्यास हरकत नाही.