चरनोई, निस्तार आणि झाडांची मोजदाद

धारच्या पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांत जमिनीच्या कागदांना देवघरातील टाकांइतकाच मान असे. मोडीतल्या सनदा लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवलेल्या असत. ज्यांना त्या वाचता येत नसत, तेही त्या जिवापाड जपत. कागद हाती असला की जमीन आपली, ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. म्हणूनच की काय, जिला एकच एक मालक नाही, पण जिच्यावर सबंध गाव जगते, अशा जमिनीचा विषय आपल्या बैठकींत क्वचितच निघतो.

विंध्याचा घाट उतरून निमाडात आले की धरमपुरी लागते. नर्मदेतील बेट, त्यावरील बिल्वामृतेश्वराचे देऊळ, दधीची ऋषींची आख्यायिका हे सारे वाचकांना परिचित आहे. याच तीरावर पाणी ओसरले की केवट आणि कहार वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या करीत. कोणी कोठे वाडी धरायची, हे वहिवाटीने ठरलेले असे. खसऱ्यात त्याचा मागमूस नसे. गावची गुरे चरनोईवर चरत, सरपण, मुरूम, माती निस्तारातून मिळे. हे केवळ रूढीवर चालले होते असेही नाही. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची स्पष्ट तरतूद आहे. मी एकदा एका खेड्याचे निस्तार पत्रक पाहावयास मागितले, तर कचेरीतील तरुण कारकुनाने तो शब्दच प्रथम ऐकला होता! तिसऱ्या खेपेस कागद मिळाला. चराई, खळवाडी, मसणवट, गुरांची पाणवठ्याकडे जाण्याची वाट, सगळे त्यात नोंदलेले होते.

सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेशातील १९२ गावे आणि एकच शहर धरले होते. ते शहर धरमपुरी. १९७९ च्या लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन दिली, ती मुख्यतः खातेदाराला. वाळूतील वाडीला खाते कुठले? पुढे पाण्याच्या फुगवट्याची पातळी नव्याने मोजली गेली आणि राज्यातील सुमारे १६ हजार कुटुंबे यादीतून वगळली गेली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. २०२३ च्या सप्टेंबरातील पुरात, कागदावर बुडीताबाहेर असलेल्या कित्येक घरांत पाणी शिरले.

२०१७ चा जुलै महिना मला विसरता येत नाही. २ तारखेला नर्मदेच्या खोऱ्यात १२ तासांत ६ कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेपर्यंत बुडीतातील लोकांनी गावे सोडावीत, अशी सर्वोच्च न्यायालयाने घातलेली मुदत होती. झाडे नकोत असे कोण म्हणेल? पण रोप लावायला जमीन लागते, आणि दप्तरी जी ‘पडीक’ असते तीच पुष्कळदा चरनोई असते. २०१६ चा वनीकरण निधीचा कायदा आणि २०२३ ची हरित पत योजना यांच्या मागे भरपाईचे अथवा श्रेयाचे गणित आहे. त्या योजनेच्या २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडे सांगितली होती. इतक्या दाटीत गवत किती उगवणार आणि शेळी कोठे चरणार, हे कोष्टकात बसत नाही.

उलट गडचिरोलीतील मेंढा (लेखा) पाहावे. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो मिळाला तरी बांबू विकण्याचा परवाना गावाच्या हाती यायला २०११ उजाडले. पण त्यानंतर जंगल उजाड झाले नाही. किती तोडायचे, कोठे राखायचे, हे ग्रामसभा ठरवू लागली. याच कायद्याने जंगल राखण्याचा व पुन्हा उभे करण्याचा हक्कही गावाला दिला आहे, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या समारंभांत कोणी उच्चारत नाही.

धरमपुरी तहसील अनुसूचित क्षेत्रात मोडते. तेथील ग्रामसभांना १५ नोव्हेंबर २०२२ पासून पेसा नियमांचाही आधार आहे. खड्डे खणण्याआधी निस्तार पत्रक चावडीवर वाचले जावे आणि जागा ग्रामसभेने ठरवावी, एवढे तरी आपण लिहून मागू शकतो. अर्ज लिहिण्याची विद्या आपल्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. आजवर ती आपल्याच इनामांसाठी खर्ची पडली.